नावाजलेल्या विद्यापीठासाठी घर गहाण टाकावं का?

प्रश्न : संख्याशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीसाठी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक विद्यापीठ खूप नावाजलेलं आहे, पण तिथे शुल्कात काहीच सवलत नाही. दुसऱ्याचं नाव आमच्या ओळखीत कुणी ऐकलेलंही नाही, पण तिथे संपूर्ण शिक्षणशुल्काची शिष्यवृत्ती मिळते आहे. घरात विद्यापीठात जाणारी मी पहिलीच. बाबा घर गहाण टाकून कर्ज काढायला तयार आहेत. ‘अशी संधी पुन्हा येत नाही’ म्हणतात. मला पुढे सार्वजनिक आरोग्यात संशोधन करायचं आहे. कर्जाची भीती वाटते आणि नाव सोडलं तर जन्मभर पस्तावेन का, याचीही. आठवडाभरात कळवायचं आहे. काय करू?

उत्तर :

प्रिय मुली,

आठवडाच हाताशी आहे, म्हणून आधी माझं मत सांगते. तू लिहिलं आहेस त्यावरून मी शिष्यवृत्तीचं विद्यापीठ घे असं म्हणेन. मात्र दोन गोष्टी तुला तपासून घ्याव्या लागतील, शिष्यवृत्तीच्या अटी आणि तिथला संख्याशास्त्र विभाग. यातलं एक जरी कच्चं निघालं, तर माझं मत बदलेल.

बाबांचं म्हणणं पोकळ नाही, हे पहिल्यांदा मान्य करू या. या प्रश्नावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९७६ मध्ये पदवीला गेलेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता, त्यांच्यातले काही नामांकित ठिकाणी गेले, काही कमी नावाच्या. पुढे दोघांच्या कमाईत फारसा फरक पडला नाही. नामांकित ठिकाणी प्रवेश मिळवून देणारी बुद्धी आणि चिकाटी विद्यार्थ्याबरोबर दुसरीकडेही जाते, असा त्याचा अर्थ. हा अभ्यास तुझ्यासारख्यांना दिलासा म्हणून हमखास सांगितला जातो.

पण त्याचा दुसरा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना नामांकित महाविद्यालयाचा फायदा झालेला दिसला. त्याच दोघांच्या पुढच्या अभ्यासात, ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते त्यांच्या बाबतीतही तो फायदा टिकून राहिला. म्हणजे नियम तुला लागू होईलच असं नाही, तू अपवादात बसतेस. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत प्रतिष्ठित १२ संस्थांचा अभ्यास मांडला. चांगल्या सरकारी विद्यापीठांशी तुलना केली तेव्हा सरासरी उत्पन्नात ठळक फरक दिसला नाही. पण अव्वल पदव्युत्तर संस्थेत पोहोचण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. तुला संशोधनात जायचं आहे, म्हणून हा आकडा तुझ्यापासून लपवणार नाही.

मग माझा कल तरी शिष्यवृत्तीकडे का? कर्ज आणि तुझं स्वप्न यांची गाठ पडते, म्हणून.

समज, दरवर्षी २५ याप्रमाणे चार वर्षांत १०० एवढं कर्ज घेतलं. व्याज दहा टक्के, परतफेड पदवीनंतर एका वर्षाने सुरू आणि दहा वर्षं चालणार. शिकत असताना आणि त्या एका वर्षात नुसतं सरळव्याज धरलं, तरी पहिला हप्ता भरण्याआधीच १०० चे १३५ झालेले असतात. सगळे हप्ते संपेपर्यंत हातून गेलेले असतात सुमारे २१४. तुझ्या कर्जाची खरी रक्कम आणि खरा व्याजदर घालून हेच गणित बाबांसमोर बसून कर.

आता ते हप्ते कोणत्या वर्षांत येतात ते बघ. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण, मग पीएचडी. नेमकी हीच वर्षं विद्यावेतनावर काढायची असतात. हप्ते पुढे ढकलता आले, तरी व्याज थांबत नाही. जेसी रॉथस्टीन आणि सेसिलिया राऊस या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या अशा एका नामांकित विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला, ज्याने कर्जाऐवजी अनुदान द्यायला सुरुवात केली होती. कर्ज असलेले पदवीधर जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळत होते आणि कमी पगाराची, लोकहिताची कामं टाळत होते. सार्वजनिक आरोग्यातलं संशोधन हे अशाच कामांपैकी आहे. नावाजलेल्या विद्यापीठातून बाहेर पडून, घर सोडवण्यासाठी तुला नको असलेली नोकरी वर्षानुवर्षं करावी लागली, तर ते नाव तुझ्या काय कामाचं? शिवाय यात बाबांचं डोक्यावरचं छप्पर गुंतलेलं आहे. तू आजारी पडलीस, विषय बदलावासा वाटला, एक वर्ष वाया गेलं, तर त्या धक्क्याची किंमत ते घर मोजणार. एवढा भार अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने डोक्यावर घेऊन अभ्यास करावा, असं मला मनापासून वाटत नाही.

आणि संशोधनात शेवटची पदवी कुठली, हे पहिल्या पदवीपेक्षा जास्त पाहिलं जातं. नाव मिळवायची दुसरी वेळ तुला चार वर्षांनी येणार आहे. पीएचडीला बऱ्याच ठिकाणी शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, त्यामुळे तेव्हा ते नाव कर्जाशिवायही मिळू शकतं.

त्यासाठी विभाग मात्र भक्कम हवा. जागतिक क्रमवारीवर जाऊ नकोस. क्यूएस ही संस्था जगभरच्या विद्यापीठांची जी क्रमवारी लावते, तिच्यात सर्वांत जास्त वजन प्राध्यापकांमध्ये घेतलेल्या नावलौकिकाच्या सर्वेक्षणाला असतं. पहिल्या वर्षाला संभाव्यता कोण शिकवतं, हे त्यातून कळत नाही. तू थेट विभागाला लिही. गेल्या तीन वर्षांत इथले किती विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणाला आणि पीएचडीला गेले, आणि कुठे? पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात काम करायला मिळतं का? अभ्यासक्रमात कलन (कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित आणि संभाव्यता नीट खोलात शिकवतात का, आर किंवा पायथन या संगणकभाषांत प्रत्यक्ष विदा (डेटा) हाताळायला मिळते का, बायोस्टॅटिस्टिक्सचा, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राचा एखादा तरी विषय आहे का? तिथल्या दोन शिकत्या विद्यार्थ्यांशीही बोल. पदव्युत्तर प्रवेशात शिफारसपत्रांना फार किंमत असते आणि चांगलं पत्र तोच प्राध्यापक लिहू शकतो, ज्याने तुला काम करताना पाहिलं आहे. उत्तरं गुळमुळीत आली किंवा आलीच नाहीत, तर तो धोक्याचा इशारा समज.

पहिल्या पिढीतल्या मुलांना नामांकित ठिकाणी जो फायदा होतो, त्याचं कारण मला तरी असं दिसतं. कोणत्या इंटर्नशिपला अर्ज करायचा, प्राध्यापकांना कधी भेटायचं, हे सांगणारं त्यांच्या घरी कुणी नसतं. तिथे ते आजूबाजूच्या मुलांकडून आपोआप कळतं. दुसऱ्या ठिकाणी तुला ते मागून घ्यावं लागेल. पहिल्या सत्रातच एका प्राध्यापकांना गाठ, उन्हाळी संशोधन कार्यक्रमांच्या तारखा लिहून ठेव, वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला धरून राहा. हे जड वाटेल, पण संकोच करू नकोस. मार्गदर्शन मागणाऱ्या मुली प्राध्यापकांना आवडतात.

शिष्यवृत्तीचं पत्र शब्दन् शब्द वाच. ती चारही वर्षांची आहे की दरवर्षी नूतनीकरण होतं? त्यासाठी किती गुण लागतात, आणि एका सत्रात घसरण झाली तर सुधारायला संधी देतात की लगेच बंद करतात? वसतिगृह, परीक्षाशुल्क, प्रयोगशाळा यांचा खर्च त्यात धरला आहे का? दरवर्षी शुल्क वाढलं तर फरक कोण भरणार? विषय बदलला तर ती राहते का? अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये होप शिष्यवृत्ती सुरू केली आणि ती टिकवायला ठरावीक सरासरी राखायची अट घातली. तिथल्या विद्यापीठात पुढे असं आढळलं की मुलं एका वेळी कमी विषय घ्यायला लागली आणि अवघड गेलेले विषय मध्येच सोडू लागली. गुण जपण्यासाठी तू अवघड गणित टाळू लागलीस, तर संशोधनाचा पायाच ढिला होईल. म्हणून तिथल्या किती विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी टिकते, हेही विचार. सगळी उत्तरं ईमेलवर घे, फोनवरचं आश्वासन पुरेसं नाही.

आजच आणखी एक काम कर. नावाजलेल्या विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य विभागाला पत्र लिही. घरचं उत्पन्न, दुसरीकडे मिळालेली शिष्यवृत्ती आणि त्यांच्याकडेच येण्याची इच्छा मोजक्या शब्दांत मांड, पुनर्विचाराची विनंती कर आणि दुसरीकडच्या पत्राची प्रत जोड. अनेक विद्यापीठं अशी विनंती ऐकून घेतात. त्यांनी शुल्क इतकं कमी केलं की घर गहाण न टाकता, एकट्या तुझ्या नावावर फेडण्याजोगं कर्ज पुरेल, तर बेलाशक तिथे जा. नामांकित संस्थांच्या फायद्याचे वर सांगितलेले आकडे तेव्हा तुझ्या बाजूने उभे राहतात.

बाबांशी बोलताना ‘मला कर्जाची भीती वाटते’ असं सुरुवातीला म्हणू नकोस. ते म्हणतील, ‘भिऊ नकोस, मी आहे ना,’ आणि विषय तिथेच संपेल. हप्त्यांचा कागद, विभागाची उत्तरं आणि पदव्युत्तर शिक्षणाचा तुझा बेत त्यांच्यापुढे ठेव. घरासाठी त्यांनी किती खस्ता खाल्ल्या, ते तुला माहीत आहे, हेही सांग. ते माघार घेत नाहीत असं दिसलं, तर त्यांना विचार, की चार वर्षांनी पदव्युत्तर शिक्षणाला गरज पडली तर आत्ता वाचलेल्या पैशातून मदत करतील का. बहुतेक वडील याला हो म्हणतात.

शिष्यवृत्तीचा लेखी होकार आणि प्रवेशाची पावती हातात येईपर्यंत नावाजलेल्या विद्यापीठातली जागा सोडू नकोस. एकदा ती पावती आली, की मात्र त्याच दिवशी त्या विद्यापीठाला नकार कळव. त्यांच्या प्रतीक्षायादीत कुणीतरी तुझ्या उत्तराची वाट पाहत असेल.