माझा रिपोर्ट आधी मला कळावा

प्रश्न : मला अजिबात दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बँकेची कामं, रेल्वेचं तिकीट सगळं मीच करतो. पण इथल्या एका रुग्णालयाच्या वेबसाइटवर अडतो. अपॉइंटमेंट घ्यायला गेलं की तारखांच्या जागी नुसतं ‘बटन, बटन’ ऐकू येतं आणि रक्ताच्या रिपोर्टची पीडीएफ म्हणजे कोरं पान. मग पुतण्याकडून वाचून घेतो. घरचे म्हणतात, मदतीला माणसं असताना तक्रार कशाला? हा हट्टीपणा आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नाही. पुतण्या मायेनंच वाचत असणार, पण तुमच्या रक्तात काय निघालं हे आधी कुणाला कळावं, ते तुम्ही ठरवायचं. आज साखरेचा रिपोर्ट आहे. उद्या एचआयव्हीचा असला तर?

मलाही दिसत नाही आणि वेबसाइट तपासणं हेच माझं काम आहे. कोरं पान म्हणजे बहुतेक कागद स्कॅन करून त्याचा फोटोच चढवलेला असतो. विंडोज १० किंवा ११ असेल तर पान समोर ठेवून इन्सर्ट आणि आर दाबा, फोटोतली अक्षरं ओळखली जातील. पण त्या वाचनावर गोळी कमी-जास्त करू नका. टिंब सुटलं की ६.५ चे ६५ होतात, आणि तक्त्यात तुमचा आकडा कुठला, नॉर्मल मर्यादा कुठली, याची सरमिसळ होते. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो, कारण रिपोर्ट मुळात संगणकावरच टाइप होतो. छापून पुन्हा स्कॅन करण्याऐवजी थेट पीडीएफ केली की झालं!

तारखांच्या बटनांना कोडमध्ये नावंच दिलेली नाहीत; तेही काही मोठं काम नाही.

रुग्णालयाला लेखी कळवा. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहू नका. कुठलं पान, काय दाबलं, काय ऐकू आलं ते लिहा. सेवा दिव्यांगांना वापरता याव्यात असं सांगणारं दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४६ खासगी सेवांनाही लागू आहे, याचा उल्लेख करा. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटलं आहे, तेही लिहा. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करा. सोबत एनव्हीडीएचा आवाज रेकॉर्ड करून जोडा, म्हणजे ते ‘बटन, बटन’ त्यांनाही ऐकावं लागेल.