वाचकांचे प्रश्न: बांगडा आणि स्पेनची रेड

प्रश्न : मुलगा बोटीवर नोकरीला आहे. त्याने स्पेनहून ‘रिओहा क्रियान्सा’ लिहिलेली रेड वाईन आणलीय. ही कुठल्या द्राक्षांची? बांगड्याबरोबर चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : बांगड्याबरोबर मुळीच उघडू नका. तेलकट मासा आणि रेड वाईन एकत्र आली की तोंडात लोखंडाची चव येते, दोन्ही वाया जातात. वडे-सागोती करा. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाला ही वाईन फार छान साथ देते. मी तर तिच्यासाठी तिखट जरा कमीच घालते.

रिओहा हा स्पेनमधला वाईनचा प्रांत. तिथली रेड मुख्यतः टेम्प्रानियो या जाड सालीच्या, लवकर पिकणाऱ्या काळ्या द्राक्षाची. जोडीला बऱ्याचदा गार्नाचा हे दुसरं काळं द्राक्ष असतं. क्रियान्सा म्हणजे किमान २ वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान १ वर्ष ओकच्या पिंपात. व्हॅनिलासारखा वास येतो तो या लाकडाचा. बाटलीवर ‘रिझर्वा’ लिहिलं असेल तर किमान ३ वर्षं मुरवलेली, ‘ग्रान रिझर्वा’ असेल तर ५.

आपल्याकडच्या उकाड्यात बाटली आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच. कोमट रेडमध्ये नुसता अल्कोहोल नाकात जातो.

मुलगा परत तिकडे गेला तर स्पेनच्याच हुमिया भागातली, मोनास्त्रेल द्राक्षाची रेड मागवा. कोरड्या, तापलेल्या मुलखातलं द्राक्ष, वाईन गडद आणि भरदार. मटणाला मला तीच जास्त आवडते.