घरचं मॉकटेल नुसतं सरबतासारखं गोड का लागतं?

कारण मद्य वगळलं की त्याचा कडवटपणा आणि घशाला जाणवणारी धग दोन्ही जातात, उरते ती साखर. कडवटपणासाठी कडक कोरा चहा वापरा, धगीसाठी आलं. एका ग्लासाला ३० मिली गार कोरा चहा, २० मिली ताजा लिंबूरस, २० मिली पाक (साखर आणि पाणी समप्रमाणात), एक छोटा चमचा आल्याचा रस आणि चिमूटभर मीठ. मीठ टाळू नका, त्यानेच चव उठते. हे सगळं शेकरमध्ये (घट्ट झाकणाच्या भांड्यात) भरपूर बर्फ घालून १०-१२ सेकंद जोरात हलवा, गाळा आणि मग ८० मिली थंडगार सोडा ओता. सोडा शेकरमध्ये घातला तर गॅस निघून जातो, झाकणही उडतं. पुदिना घालायचा असेल तर हलकेच दाबा; चुरडलेली पानं कडू होतात.