आधी घड्याळ, मग समीकरण

औषधानंतर रक्तातले विषाणू कसे घटतात, त्याचा तुझा आलेख पाहिला. ठिपके सात, पॅरामीटर (समीकरणातून काढायच्या अज्ञात संख्या) नऊ, आणि रेघ सगळ्या ठिपक्यांवरून अलगद गेलेली! सुरुवातीचा अंदाज बदलला की दर वेळी निराळंच उत्तर येतं म्हणतोस, आणि विचारतोस की कुठलं सॉफ्टवेअर वापरू. अरे, सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? रक्त आठवड्यातून एकदा घेतलंय. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय घडलं, ते तुझ्या आकड्यांत नाहीच. नमुना केव्हा घेतला, ते आधी बघ.

१९९५ साली एड्स-संशोधक डेव्हिड हो यांच्या गटाला एचआयव्हीचा विषाणूभार, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, औषधानंतर साधारण दोन दिवसांत निम्मा होताना दिसला. पण त्यात विषाणू साफ होण्याचा वेळ किती आणि बाधित पेशी मरण्याचा किती, हे सुटं करता येईना. १९९६ मध्ये रोगांची गणितं मांडणारे ॲलन पेरेलसन आणि हो यांनी फक्त पाच रुग्ण घेतले. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीचं औषध दिल्यावर सहाव्या तासापर्यंत दर दोन तासांनी रक्त, दुसऱ्या दिवसापर्यंत दर सहा तासांनी, मग आठवडाभर रोज. या औषधाने पेशी विषाणू बनवायच्या थांबत नाहीत, फक्त नवे विषाणू निकामी निघतात. चाचणी निकामी आणि कामाचे, दोन्ही विषाणू मोजते. म्हणून सुरुवातीला भार लगेच उतरत नाही. त्या रेंगाळण्यातूनच दोन दर वेगळे झाले: विषाणूचं अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा वेळ) सुमारे ६ तास, बाधित पेशीचं १.६ दिवस. समीकरणं मोजकीच होती. नमुन्यांच्या वेळा नेमक्या होत्या.

एका अभ्यासात मी अशाच नमुन्यांसाठी अडून बसलो होतो. ‘रुग्ण रोज कसा येईल?’ हा प्रश्न रास्तच होता. मी शेवटी बाहेर पडलो, आणि एक जुना मित्र दुरावला. अजून वाईट वाटतं. पण आठवड्याच्या नमुन्यांतून तासांचा दर काढल्याच्या कागदावर सही कशी करायची, सांग? असो.

आता नवं काही फिट करू नकोस. पुढच्या रुग्णांचे पहिल्या ४८ तासांतले चार-पाच नमुने मिळतील का, ते गाईडना विचार. नाही म्हणाले, तर विषाणू साफ होण्याचा दर छापील अभ्यासांतून घे, प्रबंधात तसं स्पष्ट लिही, आणि स्वतः फक्त पेशींचा दर काढ. आणि चाचणीला मोजता येईल त्या किमान मर्यादेखाली गेलेले शेवटचे दोन ठिपके शून्य धरलेस, ते आजच्या आज दुरुस्त कर.