टक्टोयाक्टकला कुत्र्याला गाडीने कसं न्यावं?

टक्टोयाक्टक हे कॅनडाच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक किनाऱ्यावरचं गाव. कॅल्गरीहून ऑगस्टमध्ये निघताय, तर खरी परीक्षा डेम्पस्टर हायवेची. तो सुरू होतो तिथून इनुव्हिक गावापर्यंत साधारण 740 किलोमीटर खडीचा रस्ता, पुढे टक्टोयाक्टकपर्यंत आणखी 138.

सगळ्यात जास्त जपायचे ते पंजे. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. ते ओल्या चिखलासोबत बोटांच्या बेचक्यात अडकतं, कातडी लाल होते, कुत्रा चाटत बसतो आणि मग पोटही बिघडतं. प्रत्येक थांब्यावर कोमट पाण्याने पंजे धुवा, बेचके कोरडे करा. खडी धारदार असते, म्हणून बूट घरीच आठवडाभर घालून सवय लावा. टायरही फाटतात, दोन पूर्ण मापाचे स्पेअर हवेतच.

वाटेतल्या पील आणि मॅकेन्झी नद्यांवर गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट आहे. पाणी चढलं की ती थांबते, म्हणून पाच दिवसांचं जादा खाणं आणि नेहमीची औषधं घ्या. वाटेत प्राण्यांचा डॉक्टर मिळेल असं धरूच नका.

रेबीजची लस चालू असलीच पाहिजे, तिथल्या कोल्ह्यांमध्ये हा रोग आहे. डासांसाठी माणसांचं डीटवालं (डीट म्हणजे डास पळवणारं रसायन) औषध कुत्र्याला अजिबात लावू नका, विषबाधा होते. गावात पट्टा सोडू नका. वाळत घातलेले मासे म्हणजे लोकांची हिवाळ्याची बेगमी, कुत्र्याने त्यांना तोंड लावायला नको.