पुण्यातल्या आमच्या कॉलेजात मुलांचं मत निर्णयात यावं म्हणून काय वापरावं: गुगल फॉर्म, टेलिग्राम की व्हॉट्सअ‍ॅप पोल?

व्हॉट्सअ‍ॅप पोल नको. त्यात कोणी काय मत दिलं ते सहसा ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं, आणि ग्रुपमध्ये एखादे सर असले की निम्मी मुलं गप्प बसतात. टेलिग्रामवर निनावी पोल घेता येतो, हो-नाहीपुरता तो ठीक. सविस्तर मतं हवी असतील तर फॉर्म. पण तुमच्या प्रश्नातला अवघड भाग हा नाहीच. तो मला फार महागात पडून कळला, म्हणून लिहितेय.

2018 ला मी पेठेतल्या एका कॉलेजात टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होते. सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी होते, पण मला कुणी निवडून दिलं नव्हतं. राज्याच्या 1994 च्या विद्यापीठ कायद्यापासून निवडणुका बंद होत्या, वर्गात जो पहिला येईल तो प्रतिनिधी. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुका आल्या, त्या आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत. 2019 ला होणार होत्या, त्याही पुढे ढकलल्या.

आमची मागणी साधी होती. वाचनकक्ष साडेपाचला बंद व्हायचा आणि सायन्सची प्रॅक्टिकल पाचला सुटायची. बाहेर अभ्यासिका लावायची तर महिन्याला हजार रुपये, आणि हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी. उपप्राचार्यांकडे गेले तर म्हणाले, "तुला कुणी निवडलंय? दोन पोरींचं म्हणणं म्हणजे कॉलेजचं म्हणणं नव्हे."

ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी अकराला ग्रंथालय समितीची बैठक होती. रात्री नऊला फॉर्मची लिंक टाकली, सकाळी नऊला बंद केली. 386 उत्तरं आली. फॉर्मच्या वरच मी लिहिलं होतं, 'तुमचं नाव कुणालाही कळणार नाही'. आणि एकानं दोनदा भरू नये म्हणून ईमेल गोळा करायची सेटिंग चालू ठेवली होती.

बैठकीत उपप्राचार्य सर म्हणाले, "नुसते आकडे नकोत, शीट शेअर कर." मी तिथल्या तिथे केली. बी कॉलममध्ये 386 ईमेल होते, बहुतेक नाव-आडनावासकट. शेअर करताना माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की आता तरी यांना पटेल.

तीन दिवसांनी तिघींना केबिनमध्ये बोलावलं. काउंटरवर आमच्यावर ओरडतात, असं त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं होतं. त्यातली एक माझ्याच खोलीतली. बाहेर आली तेव्हा ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. म्हणाली, "तू लिहिलं होतंस ना, कळणार नाही म्हणून?" वर्ष संपेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. यात दोष माझा होता, सरांचा नंतर.

जानेवारीत वाचनकक्ष साडेसातपर्यंत उघडा राहू लागला. फलकावर नोटीस लागली, 'ग्रंथालय समितीच्या निर्णयानुसार'. 386 जणांचा उल्लेख नाही. मी विचारायला गेले तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही तीन वर्षांचे पाहुणे. कॉलेज आम्हाला चालवायचंय."

या वाक्याशी मी अजून भांडतेय. तीन वर्षांनी जाणार म्हणूनच तर आम्हाला उत्तर लगेच आणि लेखी हवं. 'पुढच्या वर्षी बघू' याचा अर्थ आमच्यासाठी 'कधीच नाही' एवढाच होतो. आणि साडेपाचला दिवे मालवले की जिना उतरावा लागायचा तो पाहुण्यांनाच. त्या खोलीची माहिती आमच्यापेक्षा जास्त कुणाला असणार होती?

म्हणून माझं स्पष्ट मत: लिंक टाकायच्या आधी उत्तर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे प्राचार्यांकडून लिहून घ्या. ते देत नसतील तर फॉर्म काढू नका, मुलांचा एकदा विश्वास उडाला की दुसऱ्यांदा कुणी भरत नाही. बार्सिलोना महापालिकेनं 2016 मध्ये डेसिडिम नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आणलं. त्यात मान्य झालेल्या सूचनेचं काम कुठवर आलं ते सगळ्यांना बघता येतं. तुम्ही तेवढं सॉफ्टवेअर उभारू नका, पण एक शीट सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा: मागणी, उत्तर, तारीख. नावं आणि ईमेल त्यात नकोतच, मुळात गोळाच करू नका. कुणी दोनदा भरलं तर भरू दे.

तक्रार असेल तर वाट वेगळी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजला तक्रारींसाठी ऑनलाइन पोर्टल ठेवावं लागतं आणि तक्रार निवारण समितीनं शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्या समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. तोही अभ्यास, खेळ किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवर नेमलेला, म्हणजे पुन्हा माझ्यासारखाच, कुणी न निवडलेला. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे ते आधी शोधा. आयक्यूएसीवरचा, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षावरचा विद्यार्थी सदस्यही शोधा. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी कागदावर त्याचं नाव असतंच, बैठकीला त्याला बोलावतात का ते त्यालाच विचारा.

सगळी कॉलेजं अशी नसतात, हेही खरं. धाकट्या बहिणीच्या कॉलेजात प्राचार्य स्वतः आठवड्याला उत्तरं लिहितात.

आणखी एक राहिलं. मुदत किमान आठवडाभराची ठेवा. माझ्या फॉर्मला एकच रात्र होती. आमच्या वर्गातली 'कमवा आणि शिका'ची मुलं त्या रात्री लवकर झोपली होती, कारण पहाटे त्यांना कामावर जायचं होतं. ती उठून कामाला लागली आणि फॉर्म बंद झाला. 386 मध्ये त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं, आणि संध्याकाळचा वाचनकक्ष सगळ्यात जास्त त्यांनाच लागत होता.