पेनड्राइव्ह काढला की रुसणारा कॉम्प्युटर

प्रश्न (महाल, नागपूर) : भाऊ, बाबांच्या दुकानातला जुना डेस्कटॉप घरी पडून होता, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबीची डिस्क. विंडोज ७ उडवून पेनड्राइव्हवरून त्यावर लिनक्स मिंटचं (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) एक्सएफसीई हे हलकं रूप टाकलं, इन्स्टॉल मस्त झालं. पण आता पेनड्राइव्ह लावलेला असला तरच चालू होऊन राहिला, काढला की काळ्या स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा इंग्रजी मेसेज. दोनदा पुन्हा इन्स्टॉल केलं, तेच. दुकानदार म्हणतो डिस्क गेली. काऊन असं होते?

उत्तर : डिस्क गेली असती तर पेनड्राइव्ह लावल्यावर तुमचं मिंट उघडलंच नसतं, कारण ते त्याच डिस्कवरून चालून राहिलं आहे. नवीन डिस्कचे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

झालं असं, की मिंट डिस्कवर गेलं आणि ते सुरू करून देणारा ग्रब गेला पेनड्राइव्हवर. जुन्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) पेनड्राइव्हवरून बूट केलं की कधी कधी पेनड्राइव्हच एसडीए, म्हणजे लिनक्सच्या हिशोबात पहिली डिस्क होतो आणि खरी डिस्क एसडीबी, म्हणजे दुसरी. इन्स्टॉल करताना तुम्ही 'समथिंग एल्स' निवडलं असेल तर खाली एक छोटी पट्टी असते, बूट लोडर (म्हणजे ग्रबच) कुठे टाकायचा हे विचारणारी, तिच्यात बहुतेकदा एसडीएच भरलेलं असते, तिकडे कोणी बघतच नाही, मीही पहिल्या वेळी नव्हतं बघितलं आणि एक अख्खा रविवार त्यात घालवला. दोनदा काय, दहादा इन्स्टॉल केलं असतं तरी ग्रब तिथेच गेला असता.

आता पुन्हा इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्ह लावूनच मिंट चालू करा, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, एलएसबीएलके (lsblk) टाइप करा (सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत). समोर डिस्कची यादी येईल, त्यात नावं नाही, साइज बघा. १६० ची डिस्क १४९ जी दिसेल, दचकू नका, कंपनी हजाराने मोजते आणि ही यादी १०२४ ने. समजा ती एसडीबी निघाली, तर टाइप करा सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीबी (sudo grub-install /dev/sdb). शेवटी १, २ असा आकडा लावायचा नाही, तो आकडा पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या एका तुकड्याचा, आपल्याला ग्रब पूर्ण डिस्कच्या सुरुवातीला हवा. मग सुडो अपडेट-ग्रब (sudo update-grub), कॉम्प्युटर बंद, पेनड्राइव्ह बाहेर, चालू. तरी अडला तर बायोसमध्ये जाऊन हार्ड डिस्क पहिल्या नंबरवर आणा. आणि ग्रबने 'एम्बेडिंग शक्य नाही' अशी कुरकुर केली तर डिस्कवर जीपीटी टेबल (पार्टिशनची नव्या पद्धतीची यादी) आहे, मग १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन बनवावं लागते, ते जी-पार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्राममधून होते.

प्रश्न (सक्करदरा) : आमचा जुना पीसी रोज सकाळी २००९ सालात जातो. अपडेट मारलं की 'रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही' असं इंग्रजीत म्हणतो, ब्राउझर कुठलीच साइट उघडू देत नाही. लिनक्स खराब झालं का?

उत्तर : लिनक्स बिचारं बरोबर बोलून राहिलं. त्याच्या घड्याळात २००९, म्हणजे आजची फाइल त्याच्यासाठी भविष्यातली, आणि साइटचं सर्टिफिकेट (ती खरी असल्याचा दाखला) तर अजून जन्मालाच यायचं आहे. घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा सेल संपला. नाण्यासारखा गोल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात कुठेही मिळते. वायर काढा, बाजूची छोटी क्लिप दाबली की जुना सेल उडी मारून वर येते, नवा टाकताना प्लसची बाजू वर.

रात्री भिंतीवरचं बटण बंद करत असाल तर घड्याळ रात्रभर या सेलवरच चालते, म्हणून तो लवकर संपते. पण वीज कडकडताना बटण बंद करायची आपली सवय सोडू नका, सेल बोर्डापेक्षा स्वस्त आहे.

सेल बदलल्यावर बायोसमध्ये तारीख, बूटचा क्रम आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) तिन्ही बघून घ्या, कारण सेल मेला की तेही मूळपदावर जातात. साटा मोड एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला तर लिनक्सला सहसा फरक पडत नाही, पण सोबत विंडोज ठेवलं असेल तर ते निळी स्क्रीन दाखवून बसते आणि लोक नाव लिनक्सचं घेतात.

प्रश्न (धरमपेठ) : ग्रबचा मेनू येतो, मग स्क्रीन काळी. पंखा फिरून राहिला. ग्राफिक्स कार्ड जुनं एनव्हीडियाचं आहे.

उत्तर : मेनूवर 'ई' दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या लांब ओळीच्या शेवटी स्पेस देऊन नोमोडसेट (nomodeset) लिहा, एफ१० दाबा. चित्र आलं तर भानगड ग्राफिक्स ड्रायव्हरची. हे तेवढ्या एका वेळेपुरतंच असते, म्हणून आत गेल्यावर आधी ड्रायव्हर मॅनेजर उघडा, काही सापडलं नाही तर हाच शब्द ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टाकून अपडेट-ग्रब करा. व्हिडिओ जरा अडखळतील, बाकी काम चालते.